देवकासाठी अडवलेलं पाणी

साळुंक्यांच्या घरी लग्न म्हटलं की काहीतरी विघ्न आलंच, हे महादेवपुऱ्याच्या मागच्या बाजूला कुणालाही विचारा. सोयराबाईंच्या लग्नात आचारी पळाला होता. विश्वासरावांच्या लग्नात व्याही भरल्या पानावरून उठायला निघाले होते. म्हणून भव्याच्या लग्नातही काहीतरी होणार, अशी सगळ्यांनी मनाची तयारी ठेवली होती. पण लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना अंगणातल्या मांडवात कमरेइतकं पाणी शिरेल आणि शेजारच्या अपार्टमेंटचा वॉचमन नागराज नाल्यात मरून सापडेल, याची तयारी कोण ठेवणार?

शुक्रवारी पहाटे चारला पाऊस सुरू झाला आणि दोन तास नुसता ओतत होता. मे महिन्यात बेंगळूरला असा पाऊस होतो, त्यात नवल नाही. पण मागच्या नाल्याला पाणी मावेना, ते उलटं फिरलं आणि पाच वाजता घरात आलं. तळमजल्यावर निजलेल्या पाहुण्यांना पोराबाळांसकट जिन्यावरून वर चढवताना सगळ्यांची त्रेधा उडाली. मग साडेपाचच्या सुमाराला पाणी अचानक खाली जायला लागलं. सात वाजता नागराजचा देह मेट्रोच्या नव्या खांबांपलीकडच्या जाळीला अडकलेला मिळाला.

अकरा वाजता विश्वासराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात कागद नाचवत वरच्या हॉलमध्ये आले. त्यांना दुःख झालं होतं, खोटं कशाला बोला. नागराजला ते पंचवीस वर्षं ओळखत होते. पण दुःखाबरोबर त्यांच्या अंगात एक जोरही संचारला होता. मेट्रोचे खांब आणि त्यांची ती लांबलचक भिंत नाल्याचा गळा आवळते आहे, असं ते रहिवासी संघाचे अध्यक्ष या नात्याने दोन वर्षं ओरडत होते, आणि आज त्यांचं म्हणणं गावभर खरं ठरलं होतं.

"एकोणीस पत्रं लिहिली मी," ते म्हणाले. "एकोणीस! एकाचं उत्तर नाही."

"अरे विश्वास, माणूस गेलाय," कोपऱ्यात सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या सोयराबाई म्हणाल्या. तिघा भावंडांत त्या सर्वांत मोठ्या. चिकपेटहून लग्नासाठी चार दिवस आधीच येऊन बसलेल्या. "पत्रं कसली मोजतोस?"

"माणूस गेलाय म्हणूनच मोजतोय, अक्का. आता सोडायचं नाही त्यांना. तीन वाजता त्यांचे इंजिनियर येणार आहेत इथं. अण्णा, पहिली सही तुमची."

अण्णा, म्हणजे भव्याचे वडील हणमंतराव, खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते. सकाळपासून ते तिथून हलले नव्हते. समोर कॉफी तशीच ठेवलेली, वर साय धरलेली.

"चष्मा नाही माझ्याकडे," ते म्हणाले.

"कपाळावर आहे की!"

हणमंतरावांनी चष्मा खाली ओढला, पण कागदाकडे पाहिलं नाही. विश्वासरावांना वाटलं, अण्णांना धक्का बसलाय, साहजिक आहे. नागराज रोज संध्याकाळी अण्णांबरोबर मागच्या कट्ट्यावर बसायचा. विश्वासरावांनी स्वतःच मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. मेट्रोने नाल्याचा जुना काठ फोडून ठेवला, तिथूनच नागराज वाहून गेला. आणि शेवटची मागणी: या टप्प्यातला नाला कुणी आखला, त्या इंजिनियरचं नाव जाहीर करा.

"नाव मी सांगते, काका," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

भव्या तिथे उभी होती. कालची हळद अजून तिच्या नखांत होती.

"सांग की. तुझ्या ऑफिसातला आहे का कुणी?"

"मीच आहे. या टप्प्याचं ड्रॉइंग माझं आहे. सही माझी आहे."

विश्वासरावांच्या हातातला कागद तसाच राहिला. पुतणी मेट्रोत काम करते हे ते अभिमानाने सांगत आले होते, पण ती स्टेशनांच्या इमारतींचं काहीतरी करते, एवढीच त्यांची समजूत. दोन वर्षं आपण कुणाला शिव्या घालत होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"अय्यो, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? जेवायला बसलात की तुम्ही त्या इंजिनियरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचात. त्या पिढ्यांत तुम्हीपण येता, काका." ती हसली नाही. "ऑफिसचे गिरीराज सर तीनच्या आधीच खाली आलेत. नाला बघायला जाते. संध्याकाळपर्यंत लेखी जबाब मागितलाय माझ्याकडे."

ती गेली. विश्वासरावांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. "आता ही शेवटची ओळ काढावी लागेल," ते पुटपुटले, आणि आपलं आपल्यालाच लाजिरवाणं वाटून गप्प झाले.

*

सुनंदाबाईंनी ते सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं. त्यांनी गॅस बंद केला आणि नवऱ्याला खुणेने आत बोलावलं. खोलीचं दार लावलं.

"सही का नाही केलीत?"

हणमंतराव पलंगाच्या कडेला टेकले.

"फळी काढली होती ना?" सुनंदाबाईंनी हळूच विचारलं. उत्तर त्यांना पहाटेपासून माहीत होतं.

साळुंक्यांचं देवक कमळ. मांडवात देवक बसल्याशिवाय या घरात आजवर लग्न लागलेलं नाही, आणि ते कमळ विकतचं चालत नाही. देठासकट, जिवंत पाण्यात वाढलेलं, घरच्या माणसाने उतरून काढलेलं लागतं. पूर्वी ते केरेतून, म्हणजे मागच्या मोठ्या तळ्यातून यायचं. तळं नासलं तेव्हा सासऱ्यांनी, अप्पासाहेबांनी, परसात नाल्याच्या काठाला एक डबकं खणून त्यात कमळं लावली. उन्हाळ्यात डबकं आटतं. म्हणून नाल्यातली जुनी दगडी तूब त्यांनी वापरायला काढली. दोन बाजूंना खाचा पाडलेले दगडी खांब, मधून पाणी जायची वाट. त्या खाचांत मत्तीच्या लाकडाची जाड फळी सोडली की पाणी तुंबतं आणि डबक्यात वळतं. लग्नाच्या आधी चार दिवस फळी घालायची, कमळं वर आली की काढायची. घरातल्या सात लग्नांत असंच झालं होतं.

"मार्केटातून आणू म्हणाली होती पोरगी," सुनंदाबाई म्हणाल्या. "मीच म्हटलं, अक्कांना काय वाटेल."

"बुधवारी घातली," हणमंतराव म्हणाले. "एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला नागराज. मला एकट्याला कुठली उचलते आता. काल संध्याकाळी तो विचारायला आला होता. अण्णा, ढग आलेत, काढायची का? मी म्हटलं, राहू दे. कळ्या अजून पाण्याखाली आहेत, एक रात्र राहू दे."

सुनंदाबाई पलंगावर त्यांच्या शेजारी बसल्या.

"आणि हे बघ." हणमंतरावांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. पडद्यावर नागराजचं नाव तीनदा होतं. पाचला पाच कमी, पाच, पाच वाजून सहा मिनिटं. "आवाज बंद करून ठेवला होता. पाहुण्यांचे सारखे फोन यायचे म्हणून. उठलो ते पाणी आलं म्हणून आरडाओरडा झाला तेव्हा. फोन पाहिला साडेसहाला."

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. सुनंदाबाईंना नागराज आठवला, गौरीच्या सणाला शेवयांची खीर मागून घेणारा. त्यांना रडू फुटलं. पण पदराने डोळे पुसले तेव्हा त्या एकदम आई झाल्या होत्या, बाकी कुणी नाही.

"कुणाला बोलू नका," त्या म्हणाल्या. "रविवारपर्यंत. व्याही, अभिराजच्या घरचे, आधीच विचारतायत, लग्न पुढे ढकलायचं का. त्यात हे कळलं तर? पोरीची नोकरी तशी जातेच आहे, लग्न तरी होऊ दे. सोमवारी सांगा. मी येते तुमच्याबरोबर, हवं तर पोलिसांतसुद्धा येते. पण रविवारपर्यंत तोंड उघडू नका."

हणमंतरावांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, ते सुनंदाबाईंनी विचारलं नाही.

*

नाल्याचा वास नाकात भरत होता. चार कामगार लांब आकड्यांनी थर्माकोल, नारळाच्या झावळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या ओढून काठावर टाकत होते. परसातलं डबकं गाळाने भरून सपाट झालं होतं. कमळांचा मागमूस नव्हता.

"तुझा हिशेब मी सकाळी दोनदा तपासला," गिरीराज म्हणाले. भव्याचे ते वरिष्ठ. मोजकं बोलणारे, आणि कुणावर ओरडताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "नाला काठोकाठ भरला असता, पण बाहेर आला नसता. मग आला कसा?"

भव्याला सुटल्यासारखं वाटलं. ते दोन मिनिटंही टिकलं नाही.

कामगारांनी शेवटचा ढीग ओढला आणि खालून फळी दिसली. दगडी खांबांच्या खाचांत बसलेली, जुनी, काळी, तीन हात उंच. एक टोक जागेवर आणि दुसरं हातभर वर उचललेलं, तिरकं. त्या टोकाखाली लोखंडी पहार अडकली होती. पहारीच्या मुठीला लाल रंग होता. अण्णा घरच्या सगळ्या अवजारांना तोच रंग देतात, बाहेर कुणी उचलून नेऊ नयेत म्हणून.

भव्याने काठावरचा कठडा धरला.

"ही तूब तुझ्या ड्रॉइंगमध्ये आहे," गिरीराज म्हणाले. "दगडी आहे, जुनी आहे, वापरात नाही, काढू नये. असं तूच लिहिलं होतंस. मी विचारलंही होतं तुला तेव्हा."

लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती अण्णांना घेऊन इथेच उभी होती. तूब पाडायचं ठरत होतं, आणि तिच्या जिवावर आलं होतं, कारण लहानपणी याच दगडांवर बसून तिने पाय पाण्यात सोडले होते. अण्णा, ही अजून वापरता का? तिने विचारलं होतं, आणि अण्णा म्हणाले होते, छे गं, कोण वापरतंय. दोघांनाही ती तूब राहायला हवी होती. एकाने खोटं सांगितलं आणि दुसऱ्याने ते तपासून पाहिलं नाही.

"फळी पूर्वीही घालत असतील," गिरीराज म्हणाले. "तेव्हा काही झालं नसेल."

"तेव्हा दोन्ही बाजूंना भातशेती होती, सर. पाणी तुंबलं तर खाचरात पसरायचं. कुणाला कळायचंही नाही." तिने आजूबाजूला पाहिलं. डावीकडे मेट्रोची भिंत, उजवीकडे अपार्टमेंट. "आता पसरायला जागाच नाही. ती भिंत आपली आहे."

"हो. भिंत आपली," ते म्हणाले. "आणि फळी?"

गिरीराज वाकून पहारीकडे पाहत राहिले. "कुणीतरी भर पाण्यात इथे उतरून हे टोक वर उचललं. म्हणूनच साडेपाचला पाणी ओसरायला लागलं. नाहीतर तुमचा तळमजला छतापर्यंत गेला असता. टोक सुटलं तेव्हा पाण्याने त्याला खालून ओढून नेलं असणार." ते सरळ उभे राहिले. "लोक म्हणतायत तो वॉचमन प्यायलेला होता, ड्युटी सोडून भटकत इकडे आला."

भव्या घराकडे चालायला लागली. मग धावत सुटली.

*

हणमंतरावांनी तिला जिन्यावरून येताना ऐकलं. पावलांवरूनच त्यांना कळलं.

"अण्णा, फळी कुणी घातली?"

हॉलमध्ये सगळे होते. सुनंदाबाई ताट हातात घेऊन दारातच थांबल्या. "कसली फळी?" त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी खोटं बोलायची सवयच केली नव्हती, त्यामुळे ते कुणालाही पटलं नाही.

"तुबेतली, अजून कुठली?" सोयराबाई म्हणाल्या. "देवकासाठी घातली असेल की. दरवेळी घालतो आपण. माझ्या लग्नात अप्पासाहेबांनी स्वतः..."

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. त्यांचा हात तोंडावर गेला.

"हणमंता," त्या कुजबुजल्या, "मी हट्ट धरला होता रे घरच्या कमळाचा."

विश्वासराव खाडकन उठले. जिन्याचं दार ओढून घेतलं. "हळू बोला. आधी हळू बोला सगळ्यांनी." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तो कागद माझ्या नावाचा आहे. टीव्हीवाल्यांशी बोललोय मी सकाळी. मेट्रोने माणूस मारला असं सांगितलंय, आणि आता फळी आमची?"

"भिंत त्यांची आहे, काका. ती खोटी नाही," भव्या म्हणाली. "पण फळी आपली आहे. आणि तिच्याखाली पहारपण आपली आहे. नागराजमामा ती काढायला उतरला होता. प्यायलेला नव्हता तो. आपल्यासाठी उतरला होता."

मघापर्यंत पुतणीला तोंड दाखवायची लाज वाटणारे विश्वासराव आता तिला समजवायला लागले. "हे बघ पुट्टी, यात तुझंही नुकसान आहे. वापरात नाही असं तूच लिहून दिलंस ना? मग? फळी उचलून टाकू. गिरीराजना सांगू, वाहत आली कुठूनतरी."

"रविवारपर्यंत फक्त," सुनंदाबाई म्हणाल्या.

"तू माहीत असून मला सांगितलं नाहीस, आई?" भव्याने आईकडे पाहिलं. सुनंदाबाईंनी नजर चुकवली.

हणमंतराव ऐकत होते. भाऊ आपल्या बाजूने बोलतोय, बायको आपल्या बाजूने बोलतेय, आणि लेक एकटी विरुद्ध उभी आहे, हे त्यांना दिसत होतं. त्यांना लेकीजवळ जावंसं वाटलं. पण खुर्चीतून उठवेना. फोन सदऱ्याच्या खिशात छातीला लागत होता.

दारावर थाप पडली. विश्वासरावांनी दार उघडलं, तर जयम्मा. नागराजची बायको. साडी चिखलाने भरलेली, केस सुटलेले. हॉस्पिटलमधून परस्पर आली होती. कुणालाही न विचारता ती आत आली आणि हणमंतरावांच्या पायांशी जमिनीवर बसली.

"अण्णा, तुम्ही चला खाली," ती कन्नडमध्ये म्हणाली. आवाज पार बसला होता. "अपार्टमेंटचे सेक्रेटरी म्हणतायत, तो प्यायला होता म्हणून नाल्यात पडला. कागदावर तसंच लिहितायत. माझी मुलगी ते वाचणार आहे, अण्णा. तुमच्याशेजारी बसायचा तो रोज. कधी वास आला तुम्हाला? एकदा तरी? तुम्ही सांगितलंत तर ऐकतील ते."

विश्वासराव जयम्माच्या मागे उभे राहून भावाला हाताने थोपवत होते. सुनंदाबाईंनी डोळे मिटले होते.

"नाही प्यायचा तो," हणमंतराव म्हणाले.

"बस, एवढंच सांगा. चला."

"तेवढ्याने भागणार नाही, जयम्मा. मग तो तिकडे कशाला गेला, ते विचारतील." त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "मी सांगतो कशाला गेला. लग्नाच्या कमळासाठी मी नाल्यात फळी घातली होती. काल तो म्हणाला काढू या, मी नाही म्हटलं. पहाटे पाणी चढलं तेव्हा त्याला कळलं कशामुळे ते. त्याच्याशिवाय आणि माझ्याशिवाय ते कुणाला कळणार नव्हतं. खाली माझ्या घरात पोरं झोपली होती. तो ती काढायला उतरला. आधी मला फोन केला त्याने, कारण फळीला दोन माणसं लागतात. मी झोपलो होतो."

त्यांनी फोन काढून तिच्यासमोर धरला. सबंध सकाळ तो लपवल्यानंतर आता तो हातात फार जड वाटत होता. भव्या पुढे आली आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

जयम्माने ओरडावं, शिव्या द्याव्यात, छाती पिटावी, असं त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं. त्याने सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. ती नुसती पाहत राहिली. समजलंच नाही की काय, असं सोयराबाईंना वाटलं. मग तिने दोन्ही हातांनी फोन घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"हे त्याचं नाव?"

"हो."

"किती वेळा आहे?"

"तीन," हणमंतराव म्हणाले.

तिने बोटाने एकेक ओळ मोजली. पुन्हा मोजली.

"मला एकदाही नाही केला," ती म्हणाली.

हणमंतरावांनी थोड्या वेळाने फोन घ्यायला हात पुढे केला. पण तिने तो परत दिला नाही.